फिल्टरला विरजण लागतं: अंगणातल्या तळ्याचं पाणी कसं सांभाळायचं

आमच्या घरामागे दहा बाय सहा फुटाचं, तीन फूट खोल तळं आहे, इंदूरला लोकमान्य नगरकडे. तळं नवीन होतं तेव्हाची गोष्ट, दिवाळीच्या साफसफाईत मी त्याचा फिल्टर नळाच्या पाण्याने चकाचक धुतला. ड्रम, ब्रश, घासण्या, सगळं. नर्मदेचा नळ आला होता, प्रेशर चांगलं होतं, अंगण धुता धुता फिल्टरही धुऊन काढला आणि आई पण म्हणाली किती छान स्वच्छ दिसतंय. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दोन कोई मासे पाण्यावर आडवे झालेले आणि बाकीचे धबधब्याखाली तोंड वर काढून उभे. पाणी काचेसारखं होतं, तळ दिसत होता. मला तेव्हा हे माहीतच नव्हतं की दिसायला स्वच्छ आणि माशांना चांगलं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या दोन माशांचं मला आजही वाईट वाटतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. आपल्याकडे इंदूरमध्ये हल्ली बऱ्याच घरी छोटी तळी होतायत, मिस्त्री हौद बांधून देतो, दुकानदार मासे आणि पंप देतो, पण पाण्याचं कोणी नीट सांगत नाही.

मुख्य गोष्ट आधी समजून घ्या. मासा खातो, शी करतो, आणि कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडतो. अमोनिया विष आहे. फिल्टरमध्ये जे ब्रश, घासण्या, प्लॅस्टिकचे तुकडे असतात त्यांच्यावर हळूहळू एक तपकिरी बुळबुळीत थर बसतो आणि त्या थरात जिवाणू असतात, ते अमोनियाचं नायट्राईट करतात, नायट्राईट पण विषारीच, मग दुसरे जिवाणू नायट्राईटचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सहन करतात, झाडं ते खत म्हणून ओढून घेतात. म्हणजे तो बुळबुळीत थर हाच फिल्टर. बाकी सगळी नुसती भांडी. दह्याचं विरजण जसं जिवंत असतं तसंच हे, आणि मी काय केलं तर क्लोरीनच्या पाण्याने सगळं विरजण मारून टाकलं.

नवीन फिल्टरमध्ये हे जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत अजून जास्त. म्हणून नवीन तळं भरलं की दुसऱ्याच दिवशी वीस मासे आणून सोडू नका. आधी दोन-तीन साधे गोल्डफिश, थोडंसं खाणं, दर दोन दिवसांनी टेस्ट, अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्यावर येऊन टिकले की मग हळूहळू बाकीचे. आणि कोणाकडे चालू तळं असेल तर त्याच्या फिल्टरमधली मूठभर घासणी मागून आणा, हे खरंच विरजणासारखं काम करतं, महिन्याचं काम दहा-पंधरा दिवसांवर येतं.

आता तळ्यात पाणी किती आहे ते आधी मोजा. हे न मोजता लोक औषध टाकतात, मीठ टाकतात. लांबी, रुंदी, खोली फुटात घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि 28.3 ने गुणा, लिटर येतात. आमचं 10 गुणिले 6 गुणिले 3 म्हणजे 180 घनफूट, म्हणजे साधारण 5,000 लिटर. हा आकडा पंपाजवळच्या भिंतीवर पेंटने लिहून ठेवा, घाईच्या वेळी शोधत बसायला नको.

मासे किती ठेवायचे? कोई दुकानात बोटाएवढा असतो, दोन-तीन वर्षांत हातभर होतो, त्याला माझ्या मते किमान 1,000 लिटर पाणी पाहिजे एका माशाला. आमच्या तळ्यात चार कोई आहेत आणि पाचवा मी ठेवत नाही. गोल्डफिशला 150-200 लिटर धरा. दुकानदार याच्या दुप्पट-तिप्पट मासे मावतील म्हणून सांगेल, काही दिवस चालतं पण, आणि मग मेमध्ये चालत नाही.

पाणी कुठून घ्यायचं हा इंदूरमधला मोठा प्रश्न. नर्मदेचं पाणी 1978 पासून आपल्याकडे येतं, खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून सत्तर-एक किलोमीटर लांबून, आणि ते क्लोरीन टाकूनच येणार, ते प्यायला बरोबर आहे पण माशांचे कल्ले आणि फिल्टरचे जिवाणू दोन्ही जळतात. म्हणून नळाचा पाईप सरळ तळ्यात सोडायचा नाही, कधीच नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही. मी 500 लिटरची एक काळी टाकी वेगळी ठेवली आहे, नळ एक दिवसाआड येतो, त्या दिवशी ती भरतो, आत एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवतो आणि झाकण उघडं, वरून फक्त बारीक जाळी. 24 ते 48 तासांत क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अँटी क्लोरीनचे खडे मिळतात मासेवाल्याकडे, ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे तेच. 1,000 लिटरला 10 ग्राम, म्हणजे माझ्या टाकीला 5 ग्राम, एक चहाचा चमचा. बादलीत विरघळवून मग टाकायचं.

बोरिंगचं पाणी असेल तर क्लोरीनची भानगड नाही, पण मालव्याचा दगड काळा बेसाल्ट आणि बोरिंगचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, बादलीवर पांढरे डाग पडतात ते बघताच आपण. जड पाणी कोई-गोल्डफिशला वाईट नाही, उलट त्यातल्या क्षारांमुळे पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे तो आकडा, स्थिर राहतो. दोन गोष्टी मात्र बघायच्या. खोल बोरिंगचं ताजं पाणी वर येतं तेव्हा त्यात ऑक्सिजन फार कमी असतो, म्हणून ते पण टाकीत काही तास हवा देऊन मगच घाला. आणि दुसरं, उन्हाळ्यात पाणी उडतं, आपण वरून भरत राहतो, पाणी उडतं पण क्षार मागेच राहतात, असं तीन महिने केलं की पाणी अजून अजून जड होत जातं. नुसतं भरणं म्हणजे पाणी बदलणं नाही. जुनं काढायचं आणि मग नवीन घालायचं.

दर आठवड्याला दहा टक्के काढा. माझ्याकडे 500 लिटर, टाकी बरोबर तेवढीच आहे. काढलेलं पाणी फेकू नका, ते झाडांना सोन्यासारखं आहे, आमची कढीपत्त्याची आणि मोगऱ्याची झाडं त्याच्यावरच आहेत. फक्त तळ्यात मीठ टाकलेलं असेल त्या दिवसांत ते पाणी झाडांना घालायचं नाही.

आता फिल्टर कसा बांधायचा. बाजारात तयार फिल्टर मिळतात, चांगले असतात, महाग असतात. मी 200 लिटरचे तीन निळे ड्रम घेतले, जुने, पण घेताना विचारून घ्या आत काय होतं, खाण्याच्या वस्तूचे म्हणजे सरबत-लोणच्याचे ड्रम चालतात, केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नका. टँक निपल, एल्बो, बॉल वॉल्व्ह सगळं सियागंजच्या बाजारात मिळून जातं.

पाणी तळ्यातल्या पंपाने पहिल्या ड्रममध्ये येतं. पहिला ड्रम रिकामा, आत काही नाही, फक्त पाईप कडेने तिरका सोडायचा म्हणजे पाणी गोल गोल हळू फिरतं आणि जड घाण मधे खाली बसते, खाली दीड इंची बॉल वॉल्व्ह, दोन दिवसांनी उघडायचा, काळं पाणी भसकन बाहेर येतं, पाच-दहा सेकंदांत बंद. सगळ्यात जास्त फायदा याच ड्रमचा आहे असं माझं मत आहे आणि लोक नेमका हाच गाळतात, जागा वाचवायला. अहो, घाण जी इथे थांबली नाही ती पुढे जाऊन सडणार आणि तिचा अमोनियाच होणार.

दुसऱ्यात उभे टांगलेले ब्रश आणि त्यानंतर जाड फोमच्या शीट, आधी मोठ्या छिद्राची मग बारीक. इथे तरंगती घाण अडकते.

तिसऱ्यात जिवाणूंचं घर. यात पाणी खालून वर जायला पाहिजे. काय भरायचं याच्यात? दुकानात बायोबॉल, सिरॅमिक रिंग वगैरे मिळतं. माझ्याकडे भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्या आहेत, दीडशे असतील, आणि लाईट फिटिंगचा जो खाचांचा फ्लेक्सिबल पाईप असतो त्याचे इंच-इंच तुकडे, आम्ही घरी बसून कापले, दोन संध्याकाळी गेल्या. तारेची घासणी नको, गंजते. विटांचे तुकडे नको, भुगा होतो. गिट्टी चालते, आपली काळी गिट्टी पाण्यात काही सोडत नाही, पण ड्रमभर गिट्टी गच्च होते आणि काढून हलवायला दोन माणसं लागतात. संगमरवराचे तुकडे सुंदर दिसतात म्हणून टाकू नका, ते हळूहळू विरघळून पाणी अजून जड करतात. आणि या ड्रमच्या खाली एक एअर स्टोन जरूर ठेवा, या जिवाणूंना ऑक्सिजन माशांइतकाच लागतो.

तिसऱ्यातून निघणारा पाईप आत येणाऱ्यापेक्षा मोठा पाहिजे, कारण आत पाणी पंपाच्या जोराने येतं आणि बाहेर नुसतं उतारावर जातं. माझा आत एक इंची, बाहेर दोन इंची. हे चुकलं की ड्रम वरून वाहतो. आणि ड्रम कधी ना कधी वाहणारच, फोम चोंदला की, म्हणून पंप अगदी तळाला ठेवायचा नाही, फूटभर उंच ठेवायचा विटांवर. मग रात्रभर जरी पाणी बाहेर वाहत राहिलं तरी पंपाच्या खालचं फूटभर पाणी तळ्यात राहतं, मासे वाचतात. पंप मग कोरडा चालून खराब होईल कदाचित पण पंप परत आणता येतो.

पंप किती मोठा? तळ्याचं सगळं पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून गेलं पाहिजे, म्हणजे 5,000 लिटरला तासाला 2,500. पण पंपाच्या डब्यावर जो आकडा असतो तो शून्य उंचीचा असतो. चार-पाच फूट चढवलं, दोन-तीन एल्बो लावले की बराच कमी होतो, मी 4,000 वाला घेतलाय. बादली लावून मोजून बघा, 20 लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरली तर तासाला 2,400, झालं. विजेचं म्हणाल तर 40 वॅटचा पंप चोवीस तास चालवला तर महिन्याला 29 युनिटच्या आसपास. तो चोवीस तासच चालवायचा. रात्री आवाज येतो, बिल येतं म्हणून बंद करणारे लोक मी पाहिले आहेत, ते करू नका, रात्रीच ऑक्सिजनची खरी गरज असते.

आणि पाण्यात वायर आहे तर 30 मिलिअँपचा ईएलसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय पंप चालूच करू नका, हात घालायच्या आधी स्विच बंद. घरात लहान मूल असेल तर तळ्यावर लोखंडी जाळीच पाहिजे, तीन फूट पाणी लहान मुलासाठी खूप असतं.

शेवटी पाणी एका लांब टबमधून जातं, त्यात गिट्टी आणि गिट्टीत कर्दळ आणि अळू. माती अजिबात नाही. मुळं नायट्रेट ओढून घेतात आणि काय वाढतं अळू, पानं ताटाएवढी. वड्या करता येतात, फक्त तळ्यात माशांचं औषध टाकलं असेल तर नंतर बरेच दिवस ती पानं खायची नाहीत. टबमधून पाणी फूटभर उंचीवरून तळ्यात पडतं, त्याने हवा मिसळते.

धुण्याबद्दल. तिसरा ड्रम, जिवाणूंचा, तो मी वर्षातून दोनदाच हलवतो आणि ते पण अर्धाच. तळ्याचंच पाणी बादलीत घ्यायचं, घासण्या त्यात दोन-तीनदा बुचकळायच्या, सैल घाण निघाली की परत. पिळायच्या नाहीत, घासायच्या नाहीत, साबण तर नाहीच नाही. तपकिरी राहिल्या पाहिजेत. उरलेला अर्धा तीन-चार आठवड्यांनी. फोम आणि ब्रश दर आठवड्याला, ते पण तळ्याच्या पाण्यातच, आणि ज्या दिवशी फोम धुवाल त्या दिवशी तिसऱ्या ड्रमला हात लावू नका. आपल्या शहराला स्वच्छतेची सवय लागली आहे, 2017 पासून सलग बरीच वर्षं पहिला नंबर आला, घरात पाहुणे आले की कोणी ना कोणी म्हणतंच हे ड्रम घाण दिसतायत, एकदा ब्लिचिंग पावडर टाकून धुवा. त्यांना समजावून सांगा.

टेस्ट किट घ्या, थेंबांचं, पट्ट्यांपेक्षा थेंबांचं जास्त भरवशाचं. अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य, नायट्रेट लिटरमागे 40 मिलिग्रामच्या आत, पीएच 7 ते 8.5 मधे कुठेही पण एका जागी स्थिर. पीएच रोज एकाच वेळी बघा, कारण हिरवं पाणी असेल तर सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त येतो, दिवसभर शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साईड खातं म्हणून. आणि हा पीएच अमोनियाशी जोडलेला आहे, हे नीट लक्षात घ्या. किट जो अमोनिया दाखवतं त्यातला सगळाच विषारी नसतो. 25 डिग्रीला पीएच 7 असेल तर एक टक्क्याहून कमी भाग विषारी, पीएच 8.5 झाला की साधारण 15 टक्के. आकडा तोच, विष वीसपटीहून जास्त. आपल्याकडे जड पाणी, गरम दुपार, हिरवं शेवाळ, तिन्ही एकत्र आले की संध्याकाळी चार-पाचला मासे अस्वस्थ होतात ते यामुळे.

अमोनिया दिसला तर काय करायचं: खाणं पूर्ण बंद (कोई आठवडाभर उपाशी आरामात राहतो, काळजी करू नका), 25-30 टक्के पाणी बदला क्लोरीन काढलेल्या पाण्याने, हवा वाढवा, आणि फिल्टर धुवू नका. हात शिवशिवतात त्या वेळी काहीतरी साफ करायला, मला माहीत आहे, पण नको. नायट्राईट दिसला तर 1,000 लिटरला 1 किलो खडे मीठ, म्हणजे आमच्याकडे 5 किलो, एकदम नाही, दोन दिवसांत थोडं थोडं, विरघळवून. नायट्राईट माशाच्या रक्तात शिरून रक्त तपकिरी करतो, मग रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, मिठातला क्लोराईड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आयोडीनचं बारीक मीठ नको, साधं जाडं मीठ. आणि मीठ उडत नाही, ते पाणी बदललं तेवढंच कमी होतं, म्हणून दर महिन्याला पाच किलो टाकत राहू नका. फिल्टरमध्ये झिओलाईट (अमोनिया शोषणारे खडे) असेल तर मीठ टाकायच्या आधी ते काढा, मिठाने ते धरून ठेवलेला अमोनिया परत सोडतं.

खाणं. पाच मिनिटांत संपेल एवढंच. आपल्याकडे माशांना कणकेच्या गोळ्या घालायची जुनी पद्धत आहे, आमच्या शेजारच्या काकू दर अमावस्येला डब्यात भरून आणायच्या, भावनेने आणायच्या, नाही कसं म्हणणार. मग मी त्यांना एकदा बसवून फोममधली आंबलेली कणीक दाखवली, वास दाखवला, तेव्हापासून त्या माझ्याकडून माशांचे दाणे मागून घेतात आणि स्वतःच्या हाताने घालतात. नदीत किंवा मोठ्या तलावात त्या गोळ्या खपून जातात, 5,000 लिटरमध्ये नाही. पोहे, शेव, बिस्किट, ब्रेड सगळं तसंच.

पाणी हिरवं झालं तर घाबरू नका, हिरवं पाणी म्हणजे बारीक तरंगतं शेवाळ, अमोनिया शून्य असेल तर माशांना दिवसा त्याचा त्रास नसतो. मुख्य कारणं दोन, ऊन जास्त आणि नायट्रेट जास्त. अर्ध्या तळ्यावर हिरवी शेड नेट, कमळ-कुमुदिनीची पानं, खाणं कमी. तरी नाही गेलं तर यूव्ही लाईट, फिल्टरच्या वाटेत लावायचा, आठवड्या-दीड आठवड्यात पाणी स्वच्छ होतं. ट्यूब वर्षभराने बदलायची, ती निळी पेटलेली दिसते पण काम करत नसते. दगडांना चिकटलेलं केसांसारखं शेवाळ यूव्हीने जात नाही, ते काठीला गुंडाळून हातानेच काढायचं. शेवाळ मारायची औषधं मी टाकत नाही, एकदम सगळं शेवाळ मेलं की ते सडतं आणि सडताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं.

मे महिना सगळ्यात कठीण. पाणी 20 डिग्रीला असेल तर त्यात लिटरमागे 9 मिलिग्रामच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 30 डिग्रीला साडेसात, आणि इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे त्यामुळे अजून थोडा कमी. उलट माशाला गरम पाण्यात ऑक्सिजन जास्त लागतो. झाडं आणि शेवाळ रात्री ऑक्सिजन सोडत नाहीत, खातात, म्हणून सगळ्यात कमी ऑक्सिजन पहाटे असतो, चार ते सहाच्या मधे. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि ऊन आल्यावर ठीक होत असतील तर हेच कारण, हवा वाढवा. मी मार्चपासून दोन जास्तीचे एअर स्टोन लावतो आणि रात्री जेवणानंतर एकदा बॅटरी घेऊन बघून येतो.

लाईट जाण्याची तयारी ठेवा. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप इन्व्हर्टरला जोडून ठेवला आहे, तो मासे सांभाळतो. पण फिल्टर बंद पडला की ड्रममधल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि काही तासांत जिवाणू मरायला लागतात, घाण सडायला लागते. म्हणून लाईट चार-सहा तास गेली असेल तर आल्यावर पंप सरळ चालू करू नका, आधी तिन्ही ड्रमचं पाणी खालच्या वॉल्व्हने गटारात सोडा आणि मग चालू करा. नाहीतर ते सडकं पाणी सगळं एका झटक्यात तळ्यात जातं.

पावसाळ्यात काळी माती वाहून येऊ नये म्हणून तळ्याचा काठ अंगणापासून सहा इंच वर पाहिजे. गच्चीचा पाईप तळ्यात सोडू नका, पहिल्या पावसात सगळी धूळ, पक्ष्यांची घाण येते. पावसाचं पाणी मऊ असतं, खूप पाऊस झाला की क्षार कमी होऊन पीएच घसरू शकतो, जुलै-ऑगस्टमध्ये टेस्ट जास्त वेळा करा. आणि डास: तळ्यात मासे अळ्या खातात, तिथे डास होत नाहीत, ते होतात ती साठवणीच्या टाकीत, ड्रमच्या झाकणावर साठलेल्या पाण्यात, जुन्या बादलीत. टाकीवर जाळी म्हणूनच ठेवायची, डेंग्यूचा विषय आहे.

थंडीत डिसेंबर-जानेवारीला रात्रीचं तापमान 10 डिग्रीच्या खाली जातं, तळ्याचं पाणी तेवढं थंड होत नाही, पण थर्मामीटर टाकून बघा. 15 च्या खाली आलं की खाणं अगदी कमी आणि दुपारीच, 10 च्या खाली गेलंच तर बंद. थंडीत जिवाणू पण मंद असतात, त्यामुळे उरलेलं खाणं जास्त बाधतं.

सणांचं राहिलं. रंगपंचमीला तळ्यावर ताडपत्री घाला, आदल्या रात्रीच, आपल्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी गच्चीवरून कुठून कुठून रंग उडून येतो. आणि गणपती शाडूचा असला तरी त्याचं विसर्जन माशांच्या तळ्यात नाही, बादलीत करा, ती माती बारीक तरंगत राहते आणि कल्ल्यांत बसते, रंग वेगळाच. निर्माल्य पण नाही.

नवीन सिमेंटचा हौद असेल तर अजून एक. सिमेंटमधून चुना सुटतो, पीएच 10 च्या वर जातो, मासे टिकत नाहीत. भरा, पाच-सहा दिवस ठेवा, सगळं काढा, परत भरा, असं चार-पाच वेळा, पीएच 8.5 च्या खाली येऊन टिकेपर्यंत. किंवा सुरुवातीलाच लायनर, म्हणजे हौदात आतून अंथरायचं जाड शीट, टाका.

जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, नायट्रेट छान खाते पण महिन्यात तळं झाकून टाकते, जास्तीची काढून उन्हात वाळवून खतात घाला. ती किंवा नको झालेले मासे सिरपूर, बिलावली, यशवंत सागर या तलावांत नेऊन सोडू नका, सिरपूर आणि यशवंत सागर 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेत, तिथे आपले कोई आणि जलकुंभी नको. मासे कोणाला तरी द्या.

आणि कोणी नवीन तळं करणारं तुमच्याकडे विरजण मागायला आलं तर आपल्या तळ्याच्या पाण्याची अर्धी बादली घ्या, तिसऱ्या ड्रममधल्या आठ-दहा घासण्या त्यात बुडवून द्या, कोरड्या पिशवीत नाही, उन्हात गाडीच्या डिकीत नाही, आणि तास-दीड तासात त्यांच्या फिल्टरमध्ये पडल्या पाहिजेत. तुमचे मासे आजारी असतील, अंगावर पांढरे ठिपके असतील, दगडांना अंग घासत असतील तर मात्र देऊ नका, घासणीबरोबर तेही जातं. अशा वेळी त्यांना महिनाभर थांबायला सांगा.